भाडेकरूस ताबा देण्यापूर्वी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कोथरूडची सदनिका अकरा महिन्यांच्या कराराने देण्याचे तू निश्चित केलेस, हे आक्काच्या पत्रावरून समजले. करारनामा लेखी व नोंदवलेला असावा ही जबाबदारी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावरच टाकली आहे, आणि त्यात हयगय झाल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तेव्हा तेवढे तू करशीलच. परंतु ‘सदनिका सुस्थितीत ताब्यात दिली’ असे जे एक ठोकळ वाक्य छापील मसुद्यात असते, त्यावर विसंबू नकोस. मुदत सरेपर्यंत ती सुस्थिती नेमकी कोणती होती याचे दोघांनाही विस्मरण होते, आणि मग अनामत रकमेवरून असा कलह माजतो की, दोघेही सचोटीचे असून परस्परांस लबाड वाटू लागतात.

म्हणून किल्ल्या देण्याच्या दिवशी, सामानाचा टेंपो दारात येण्यापूर्वी, दिवसाउजेडी त्या गृहस्थांना बरोबर घेऊन घरभर फीर, आणि यादी करताना आपल्या घराची वैगुण्ये आधी लिही. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, कपाटामागे, दर पावसाळ्यात ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात, हे तुला ठाऊक आहे, त्यांना नाही. तिच्यावर घाईघाईने रंगाचा हात मारून घर दाखवणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. आणि श्रावणात तीच ओल भाडेकरूच्या माथी मारणारेही तेच. ओट्याच्या कडेचा टवका, जाळीचे भोक, बाल्कनीचे अडकणारे सरकते दार, सारे खोलीवार नोंदव. छायाचित्र एक जवळून घे आणि एक दुरून, नाहीतर तो टवका नेमका कोणत्या ओट्याचा, हेच पुढे कळत नाही. सिंकचा नळ पूर्ण सोडून खालचा पाइप हाताने चाचपून पाहा. गळती डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. वीजमीटरचा आकडा व किल्ल्यांची संख्या लिहून, दोन प्रतींच्या पानोपानी उभयतांच्या सह्या व तारीख घालून, एक प्रत त्यांच्या स्वाधीन कर. शिवाय पहिल्या आठवड्यात काही नवे आढळल्यास ते पुरवणी म्हणून जोडण्याची त्यांना मुभा दे, कारण मोरी तुंबते की नाही हे राहून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

ते घर सोडतील तेव्हा सामान हलल्यावर, हीच यादी हाती धरून, पुन्हा दोघे मिळून फिरा. भाडेपट्ट्याने घेतलेली मालमत्ता परत करताना योग्य वापराने झालेली झीज 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही वगळली आहे. तुझा करार केवळ परवान्याचा असला तरी न्याय तोच लाव. उन्हाने विटलेला रंग व नळाचा गेलेला वॉशर ही झीज, फुटलेले बेसिन हे नुकसान. दुरुस्तीपुरती रक्कम राखून ठेवलीस तर तिचा हिशेब प्लंबरच्या पावतीसह पाठव, आणि बाकीची अनामत ताबा घेतल्या दिवशीच परत कर. नवा भाडेकरू मिळाल्यावर देऊ, असे म्हणणे मला तरी अशिष्टपणाचे वाटते.

पोलीस ठाण्यास भाडेकरूची माहिती कळवण्याचे विसरू नकोस. यादीचा कच्चा मसुदा झाला की मजकडे धाड. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा