लेकरू चालतंय, पण ऐकतंय का? (१ ते ३ वर्षे : विकासाचे टप्पे)



काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली की तो आधी शेजारच्या मुलाकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी त्याला हट्टी समजत होतो. पुढे तपासणीत कळलं, त्याला कमी ऐकू येतं. आई म्हणाली, "दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, पण सासूबाई म्हणाल्या, याचा बाप बी उशिराच बोलला." चार वर्षं हातची गेली, आणि त्यात माझेही काही महिने होते.

आपल्याकडे काळजी असते ती चालण्याची. "शेजारचं लेकरू अकराव्या महिन्यात चाललं, आमचं अजून नाही!" जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष दिले, त्यांत निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतका मोठा होता. काही मुलं रांगलीच नाहीत, तरी नीट चालली. म्हणजे टप्पा ही तारीख नसते. मात्र १८ महिने पूर्ण होऊनही लेकरू चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि हो, बसून पळवायचा चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट पडून इजा होते. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा, त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. पण तिथेही मोठं माणूस जवळ हवं.

बोलण्याच्या बाबतीत मात्र आपण फार निवांत असतो. वर्षाचं लेकरू नावाला वळतं का, बोट दाखवून वस्तू मागतं का, "टाटा" करतं का, हे पाहा. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "आजी आली" असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, तर थांबू नका. बाप उशिरा बोलला असेलही. पण लेकराला ऐकू येतं की नाही, हे त्यावरून कळत नाही.

उमरग्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो. कर्नाटकची सीमा जवळ. घरात मराठी, आजोळी कन्नड, गल्लीत हिंदी, तांड्यावर गोरमाटी. "भाषांच्या गोंधळामुळे बोलत नाही" असं सहज म्हटलं जातं. तसं नसतं. लेकरू "पाणी", "हालु" (दूध) आणि "बा" (ये) म्हणत असेल, तर ते तीन शब्द झाले. सगळ्या भाषांचे शब्द एकत्र मोजा, आणि आजीला कन्नड बोलू द्या.

घरी काय करायचं? वेगळी खेळणी लागत नाहीत. तुरीच्या शेंगा सोलताना "ही शेंग, हा दाणा, दे मला" एवढं बोललं तरी पुरे. विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा, लेकराला उत्तर द्यायला वेळ लागतो. मोबाईल दाखवून भरवणं मात्र सोडा. दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोबाईल बोलतो, पण लेकराच्या बोबड्या बोलाला उत्तर देत नाही.

शंका आली तर लेकराच्या पाठीमागे उभं राहून हळू हाक मारून बघा. पण त्यावर विसंबू नका, पंख्याच्या वाऱ्याने किंवा सावलीनेही ते वळतं. खात्रीची तपासणी अगदी तान्ह्या बाळाचीही करता येते. माता-बाल संरक्षण कार्डात टप्प्यांची चित्रं आहेत, ते कार्ड लसीकरणापुरतं ठेवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ताईंना तारीख विचारून त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी निघण्याआधीच ताईंशी बोलावं, कारण पथक येतं तेव्हा लेकरू फडावर असतं.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करून मगच टप्पे बघा.