औषधनिर्माणशास्त्राची पदवी : वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची पूर्वतयारी

दरवर्षी बारावीचा निकाल जाहीर झाला की विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची धावपळ सुरू होते. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा मर्यादित असल्याने अनेकांचे लक्ष औषधनिर्माणशास्त्राकडे वळते. परंतु ही निवड पुष्कळदा घाईघाईने, ऐकीव माहितीच्या आधारे आणि कागदपत्रांची जमवाजमव न करता केली जाते. गुण पुरेसे असूनही एका दाखल्याअभावी राखीव जागा हातची जाणे, किंवा मान्यता नसलेल्या संस्थेत प्रवेश घेऊन चार वर्षे व पैसा वाया जाणे, ही हानी पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी तयारीचा आरंभ बारावीच्या निकालानंतर न करता दहावीनंतर लगेच करावयास हवा. या तयारीत विद्यार्थ्याइतकाच वाटा शिक्षकांचा, महसूल कर्मचाऱ्यांचा आणि ग्रामपंचायतीचा आहे. प्रस्तुत लेखात या तयारीची क्रमवार माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे.

या विद्येची गरज

औषधांची शुद्धता तपासणारी व ती जबाबदारीने रुग्णाच्या हाती देणारी प्रशिक्षित माणसे देशात असावीत, हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच मांडला गेला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली नेमलेल्या औषध चौकशी समितीने पुढील वर्षी आपला अहवाल दिला. १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने औषधनिर्माणशास्त्राच्या उच्च शिक्षणाची सुरुवात झाली. त्यानंतर १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा अस्तित्वात आले. या दुसऱ्या कायद्याने औषधनिर्मात्याचे शिक्षण व नोंदणी यांना निश्चित स्वरूप दिले.

या शिक्षणाचे मोल किती, हे एका दुःखद घटनेने महाराष्ट्राला शिकविले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतचे अनेक दोष उघडकीस आणले. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, २०२५ साली, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात याच द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधामुळे लहान मुले दगावली. त्यांपैकी अनेकांवर आपल्या विदर्भातच, नागपूर येथे, उपचार सुरू होते. औषध तयार करणाऱ्या, तपासणाऱ्या व देणाऱ्या माणसाचे ज्ञान आणि सचोटी यांवर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात, हे या दोन्ही घटनांवरून स्पष्ट होते. म्हणून हा अभ्यासक्रम 'दुसरे काही मिळाले नाही म्हणून' पत्करावयाचा नसून समजून-उमजून निवडावयाचा आहे.

पदविका की पदवी ?

औषधनिर्माणशास्त्राचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला दोन वर्षांच्या पदविकेचा, म्हणजे डी.फार्म.चा. त्यानंतर ५०० तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण घ्यावे लागते. दुसरा चार वर्षांच्या, आठ सत्रांत विभागलेल्या पदवीचा, म्हणजे बी.फार्म.चा. पदविकेसाठी सामायिक प्रवेश परीक्षा लागत नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. पदवीसाठी मात्र प्रवेश परीक्षा आवश्यक असते.

औषधाचे दुकान चालविणे किंवा रुग्णालयात औषध वितरणाचे काम करणे एवढाच हेतू असेल, तर पदविका पुरेशी ठरते. परंतु औषध निरीक्षकाच्या पदासाठी पदविका चालत नाही. तेथे पदवीच लागते. औषध कारखान्यातील निर्मिती व गुणवत्ता नियंत्रण, संशोधन, तसेच एम.फार्म.चे पुढील शिक्षण यांचीही दारे पदवीनेच उघडतात. पदविका प्रथम घेतलेल्या विद्यार्थ्याचा मार्ग बंद होत नाही. त्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्यांनी हा टप्प्याटप्प्याचा मार्ग अवश्य लक्षात घ्यावा.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पदवीच्या अभ्यासक्रमात मानवी शरीररचना व शरीरक्रिया, औषधांचे रसायनशास्त्र, औषधी पदार्थांचे विश्लेषण, गोळ्या, मलमे व इंजेक्शने तयार करण्याचे तंत्र, औषधांचे शरीरावरील परिणाम, वनौषधींचा अभ्यास आणि औषधविषयक कायदे असे विषय असतात. सहाव्या सत्रानंतर कारखान्यात, रुग्णालयात किंवा औषध दुकानात १५० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना पहिल्या सत्रात पूरक गणित शिकविले जाते आणि गणित घेतलेल्यांना पूरक जीवशास्त्र. त्यामुळे जीवशास्त्र नसल्यास हा अभ्यासक्रम घेताच येत नाही, हा समज चुकीचा आहे.

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांसह गणित किंवा जीवशास्त्र असावे लागते. या विषयांत खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के, आणि महाराष्ट्रातील राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान ४० टक्के गुण अपेक्षित असतात.

सामायिक प्रवेश परीक्षेची तयारी

राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत घेतली जाणारी एमएचटी-सीईटी ही संगणकावर द्यावयाची परीक्षा आहे. भौतिकशास्त्राचे ५० व रसायनशास्त्राचे ५० असे १०० प्रश्न पहिल्या ९० मिनिटांत सोडवायचे असतात. पुढील ९० मिनिटे जीवशास्त्राच्या १०० किंवा गणिताच्या ५० प्रश्नांसाठी असतात. गणिताच्या प्रत्येक प्रश्नास दोन गुण व इतर प्रश्नांस एक गुण, असे एकूण २०० गुण होतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडून येऊ नये.

अभ्यासक्रमात सुमारे २० टक्के भार अकरावीच्या निवडक प्रकरणांवर आणि ८० टक्के भार बारावीवर असतो. याचा अर्थ असा की राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके हाच तयारीचा खरा पाया होय. अकोला, अमरावती किंवा लातूर येथील महागडे शिकवणी वर्ग परवडत नसले, तरी पाठ्यपुस्तकातील प्रत्येक ओळ, आकृती व उदाहरण नीट अभ्यासणारा विद्यार्थी मागे पडण्याचे कारण नाही. अडचण येते ती वेगाची. पहिल्या भागात एका प्रश्नाला एक मिनिटही पुरते मिळत नाही. यासाठी बारावीच्या वर्षात आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सराव करावा, आणि शक्य तितका सराव संगणकावर करावा. ग्रामीण भागातील पुष्कळ विद्यार्थी संगणकासमोर प्रथमच बसतात ते थेट परीक्षेच्या दिवशी. शाळेतील संगणक कक्ष सुटीच्या दिवशी दोन तास उघडा ठेवला, तर ही उणीव सहज भरून निघेल.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, याबाबतही गैरसमज आढळतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के विद्यार्थ्यांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने ही पद्धत वापरली जाते.

दाखले : खरी कसोटी

प्रवेशाच्या वेळी अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल ते हाती असावे लागते. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षअखेरच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. जुने प्रमाणपत्र दाखवून निभावून जाईल, या भरवशावर राहू नये.

यांत सर्वांत अधिक वेळ जातो तो जात वैधता प्रमाणपत्रास. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला असला म्हणजे दुसऱ्याची गरज नाही, असे नाही. पडताळणी समितीपुढे कुटुंबाच्या जातीचा जुना पुरावा सादर करावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीची नोंद महत्त्वाची मानली जाते. आजोबा-पणजोबांचा शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद किंवा जुना महसुली अभिलेख यांचा येथे उपयोग होतो.

वाशिम जिल्ह्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या तालुक्यांतील गावांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा अकोला' असाच उल्लेख आढळतो. त्यात काही गैर नाही. मात्र अर्जात गावाचे नाव, तालुका व जिल्हा लिहिताना हा बदल स्पष्ट करावा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. नावातील फरक, आडनावाचे वेगळे लेखन, आधार कार्ड व शाळेचा दाखला यांतील विसंगती या बाबी अकरावीतच दुरुस्त करून घ्याव्यात. हे सर्व दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून मागता येतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घालून दिली आहे. अर्जाची पावती जपून ठेवणे हे अर्जदाराचे काम होय.

महाविद्यालयाची पारख

फार्मसी कायद्यानुसार भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता नसलेल्या शिक्षणक्रमाच्या आधारे औषधनिर्माता म्हणून नोंदणी होत नाही. परिषदेने २०१९ साली नव्या महाविद्यालयांवर घातलेली पाच वर्षांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द ठरविली. त्यानंतर राज्यात नव्या संस्थांची संख्या वाढली. संस्था नवी आहे एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. पण चौकशी करणे अगत्याचे ठरते. चालू वर्षाची मान्यता, मंजूर जागा, विद्यापीठाची संलग्नता, पूर्णवेळ अध्यापक आणि प्रयोगशाळा या पाच गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. वाशिम जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. अमरावती येथे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. पसंतीक्रम भरताना कमी शुल्काच्या शासकीय महाविद्यालयाचा विचार आधी करावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारावीच लागते. म्हणून क्रम दुसऱ्याकडून भरून न घेता कुटुंबाने एकत्र बसून ठरवावा.

शुल्क व सवलती

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच बहुतेक सवलती मिळतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ मिळतो. याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहे व स्वाधार यांसारख्या योजना आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणासाठी भरावे लागतात. सोयाबीन व तुरीच्या एका हंगामावर वर्षाचा संसार चालविणाऱ्या शेतकरी कुटुंबास या सवलतींची माहिती वेळेवर मिळाली, तर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याची किंवा तिचे शिक्षण थांबविण्याची वेळ येणार नाही.

गावाने काय करावे ?

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या प्रारंभीच विद्यार्थ्यांच्या दाखल्यांची एक यादी करावी आणि कोणाजवळ काय नाही ते नोंदवावे. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी जुन्या दाखल-खारीज नोंदवह्या जपाव्यात व त्यांचे उतारे विनाविलंब द्यावेत. वाळवीने खाल्लेले एक पान एखाद्या कुटुंबाचा कित्येक पिढ्यांचा पुरावा असू शकते. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी व ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीपूर्वी, दाखल्यांचे शिबिर भरवावे. गावात आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालेले कुटुंब असेल, तर त्याचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडतो. परीक्षेचे वेळापत्रक व नियम दरवर्षी बदलू शकतात. म्हणून सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाचे अधिकृत माहितीपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे.

वाशिमचा समावेश २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालये वाढली की त्यांना सुशिक्षित औषधनिर्माते लागणारच. ते बाहेरून यावेत की मानोऱ्याच्या तांड्यातून व रिसोडच्या खेड्यातून तयार व्हावेत, हे मुख्यतः आज अकरावीत बसलेल्या मुलामुलींना मिळणाऱ्या मार्गदर्शनावर अवलंबून आहे. परीक्षा विद्यार्थ्याने द्यावयाची आहे. परंतु त्याच्या हाती वेळेवर कागद देण्याचे उत्तरदायित्व आपणा सर्वांचे आहे.