पिंपरीच्या बाजाराला ‘कॅम्प’ का म्हणतात?



आपण भोसरीची माणसं दिवाळीचे कपडे घ्यायला कुठं जातो? पिंपरी कॅम्पात. लग्नाचा बस्ता बांधायचा असला तरी घरातली मोठी माणसं म्हणतात, “चला कॅम्पात.” पण तिथं तर नुसती दुकानंच दुकानं आहेत. तंबू नाहीत, शिपाई नाहीत. मग कॅम्प कशाला म्हणायचं? परिसर अभ्यासाच्या तासाला हा प्रश्न निघाला. गुरुजींनी जे सांगितलं आणि आम्ही घरी विचारून जे आणलं, ते मी या फलकावर लिहीत आहे. अक्षर बारीक झालं आहे, तरी शेवटपर्यंत वाचा.

१. निर्वासित म्हणजे कोण?

लढाई, दंगल किंवा छळ यांच्या भीतीनं ज्याला आपलं घर आणि देश सोडून दुसरीकडं जावं लागतं, त्याला निर्वासित म्हणतात. शरणार्थी असाही शब्द आहे.

मामाच्या गावाला गेलेला मुलगा सुट्टी संपली की परत येतो. कंपनीत कामाला आलेला माणूस यात्रेला गावी जाऊन येतो. निर्वासिताला मात्र परत जाता येत नाही. गेला तर जिवाला धोका असतो. हा मोठा फरक लक्षात ठेवा.

गुरुजींनी वर्गात एक खेळ घेतला. ते म्हणाले, “दहा मिनिटांत घर सोडायचं आहे. एकच पिशवी न्यायची. काय घ्याल ते पाटीवर लिहा.” कुणी भाकरी लिहिली, कुणी पैसे. एकानं कोंबडी लिहिली. सगळे हसले, पण गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, “अंडी देईल, बरोबर आहे.” एका मुलीनं घराची किल्ली लिहिली. तेव्हा गुरुजींनी सांगितलं, की फाळणीच्या वेळी पुष्कळ माणसांनी खरंच असं केलं. घराला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर घेतली. चार दिवसांत परत येऊ, असं त्यांना वाटत होतं. किल्ली इकडं राहिली आणि घर तिकडं राहिलं.

२. सिंधमधून पिंपरीला

१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपला देश स्वतंत्र झाला. त्याच वेळी देशाची फाळणी झाली आणि पाकिस्तान वेगळा झाला. तिकडून इकडं आणि इकडून तिकडं मिळून एक कोटीहून जास्त माणसं घरं सोडून निघाली. दोन्हीकडची माणसं भ्यालेली होती.

पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे दोन तुकडे झाले. सिंध प्रांत मात्र पुरा पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराची शहरात दंगल झाली. मग तिथल्या हिंदूंची भीती फार वाढली. पुष्कळ सिंधी कुटुंबं कराचीहून बोटीनं मुंबईला आली. एवढी माणसं ठेवायची कुठं? सरकारनं जागोजागी छावण्या काढल्या. छावणीलाच इंग्रजीत कॅम्प म्हणतात. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बराकी रिकाम्या होत्या. त्यात हजारो माणसांना ठेवलं. १९४९ साली त्या जागेला उल्हासनगर नाव मिळालं. तशीच सिंधी माणसांची एक वस्ती आपल्या पिंपरीला झाली. तोच हा पिंपरी कॅम्प. छावणी गेली, पण नाव राहिलं.

त्या माणसांजवळ शेत नव्हतं, दुकान नव्हतं. मराठीही येत नव्हतं. पण हात होते. बाया पापड लाटायच्या. पुरुष आणि मुलं रेल्वेत आणि रस्त्यावर लहानसहान वस्तू विकायची. हळूहळू हातगाडी झाली, मग दुकान झालं. त्या काळी निर्वासितांमधले पुष्कळ जण म्हणायचे, “आम्हाला शरणार्थी म्हणू नका, पुरुषार्थी म्हणा.” पुरुषार्थी म्हणजे स्वतःच्या कष्टानं उभा राहणारा. मला हा शब्द फार आवडला.

आज कॅम्पातले दुकानदार काका आपल्याशी मराठीत बोलतात आणि घरात सिंधीत बोलतात. चेटीचंडला ते झूलेलालची मिरवणूक काढतात. त्यांची सिंधी भाषा १९६७ साली आपल्या राज्यघटनेच्या भाषांच्या यादीत आली. आणखी एक गंमत सांगतो. आपण रोज प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत म्हणतो, त्यात सिंधचं नाव आहे. २४ जानेवारी १९५० रोजी ते आपलं राष्ट्रगीत ठरलं, तेव्हा सिंध पाकिस्तानात जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी नाव काढलं नाही. म्हणून उद्या राष्ट्रगीत म्हणताना तिथं आलात की कॅम्पातल्या काकांची आठवण ठेवा.

३. वळिवड्याची घरं

आता कोल्हापूरकडची गोष्ट ऐका. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये त्याच्यावर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएट रशियानं हल्ला केला. पूर्वेकडच्या पुष्कळ पोलिश कुटुंबांना रशियानं मालगाडीत घालून लांब सैबेरियात नेलं. तिथं कडाक्याची थंडी आणि खायला अपुरं. पुष्कळ माणसं मेली. १९४१ नंतर उरलेल्यांना सोडलं. ती माणसं इराणमधून, कराचीवरून आपल्या देशात आली. तेव्हा आपला देशही पारतंत्र्यात होता.

गुजरातमध्ये जामनगर आहे. तिथल्या जामसाहेब दिग्विजयसिंहजी महाराजांनी १९४२ साली बालाचडी इथं शेकडो पोलिश मुलांना जागा दिली. त्यांतली पुष्कळ मुलं पोरकी होती. आज पोलंडची राजधानी वॉर्सा इथं एका चौकाला या महाराजांचं नाव आहे.

आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे गाव आहे. तिथं १९४३ साली मोठी छावणी झाली. सुमारे ५,००० पोलिश माणसं तिथं राहिली. त्यात बाया आणि मुलंच जास्त होती. लांबच लांब घरांच्या रांगा होत्या. शाळा, दवाखाना, चर्च आणि नाटकगृहसुद्धा होतं. मुलं आपल्या भाषेत शिकत होती. १९४८ पर्यंत ती माणसं निरनिराळ्या देशांत निघून गेली. पण ती विसरली नाहीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ साली त्यांतली काही माणसं पुन्हा कोल्हापूरला आली. आली तेव्हा ती आजी-आजोबा झाली होती. गेली तेव्हा ती आमच्याएवढी होती.

पुढं काय झालं ते ऐका. वळिवड्याची ती घरं रिकामी राहिली नाहीत. पोलंडची माणसं गेल्यावर तिथं सिंधमधले निर्वासित राहायला आले. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. तिथं कापडाचा मोठा घाऊक बाजार आहे. म्हणजे एकाच छपराखाली आधी पोलंडची मुलं निजली आणि मग सिंधची मुलं निजली. दोघंही कराचीवरूनच आले होते. मी नकाशावर पेन्सिलीनं दोन्ही वाटा काढल्या, तेव्हा मला हे दिसलं. नकाशा शेजारी चिकटवला आहे, तो बघा.

४. पाच पैशांचं तिकीट

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात फार मोठा छळ झाला. तिथून जवळजवळ एक कोटी माणसं आपल्या देशात आली. एवढ्यांना खायला घालायचं म्हणजे खर्च आला. तेव्हा सरकारनं नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावायला सांगितलं. त्याचे पैसे शरणार्थींसाठी होते. पुष्कळ पत्रांवर माणसं असे ५ पैसे द्यायची. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि बहुतेक माणसं आपापल्या घरी परत गेली.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाकिटं आहेत. त्यातल्या एकावर असं तिकीट आहे. मी विचारलं, “आजोबा, ५ पैशांत काय होतं?” ते म्हणाले, “माझ्या एकट्याच्या पाच पैशांत काही नाही. पण सगळा देश पत्रं लिहीत होता.”

५. आपल्याकडं बाहेरून आलेले सगळेच निर्वासित असतात का?

नाही. हे नीट समजून घ्या. पूर्वी भोसरीत ज्वारी-बाजरीची शेतं होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. पुढं आपल्याकडं कारखाने आले. बीड, लातूर, सोलापूर, बिहार, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून माणसं पोटासाठी आली. ती निर्वासित नाहीत, स्थलांतरित आहेत.

धरणात ज्यांचं गाव किंवा शेत जातं, त्यांना धरणग्रस्त म्हणतात. भोसरी-पिंपरीच्या नळाला पुष्कळ पाणी पवना नदीचं येतं. त्या पवना धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. म्हणजे आपण तांब्याभर पाणी पितो, त्यातही कुणीतरी सोडलेलं घर आहे.

शब्द तीन वेगळे आहेत. पण नव्या जागी पहिल्या दिवशी पोटात जो गोळा येतो, तो तिघांनाही सारखाच येतो.

आमच्या वर्गात जूनमध्ये एक नवी मुलगी आली. ती कर्नाटकातली आहे. तिचे वडील बांधकामावर आहेत. तिला मराठी येत नव्हतं. पहिल्या दिवशी ती सारखी “नीरु, नीरु” म्हणत होती. मागच्या बाकावरच्या मुलांना वाटलं, ती आपलं नाव सांगते आहे. ती पण तिला “ये नीरु, बस नीरु” म्हणायला लागली. ती रडायला लागली. वर्गातल्या एका मुलाच्या आईला कन्नड येतं. मधल्या सुट्टीत त्या डबा द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं, “अरे, नीरु म्हणजे पाणी. पोरीला तहान लागलीय.” सकाळपासून ती पोरगी पाण्यावाचून होती, आणि पाण्याची टाकी वर्गाच्या बाहेरच होती.

त्या दिवसापासून गुरुजींनी फळ्याचा एक कोपरा तिच्यासाठी ठेवला आहे. रोज एक मराठी शब्द तिला आणि एक कन्नड शब्द आम्हाला. ऊट म्हणजे जेवण. बा म्हणजे ये. अक्का मात्र तिच्याकडंही अक्काच. आता ती कबड्डीत आमच्या संघात आहे. भोसरीत राहून कबड्डी नाही खेळली तर काय! आणि चढाई करताना ती “कबड्डी कबड्डी” आमच्यापेक्षा जास्त वेळ म्हणते. दम मोठा आहे तिचा.

६. आपण काय करायचं?

लहान मुलं लढाई थांबवू शकत नाहीत. छावणी बांधू शकत नाहीत. पण एवढं करू शकतात :

(१) नव्या मुलाला आधी पाण्याची टाकी आणि लघवीची जागा दाखवावी. ओळख मग करावी.
(२) त्याचं नाव नीट विचारून नीट उच्चारावं. टोपणनाव ठेवू नये.
(३) “तुमचं गाव का सोडलं?” असं पुन्हा पुन्हा विचारू नये. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल.
(४) त्याच्या बोलण्याला किंवा डब्यातल्या भाजीला हसू नये.
(५) खेळात त्याला शेवटी नाही, मधेच घ्यावं.
(६) मोठी माणसं ‘बाहेरचे’ म्हणाली, तर आपण हळूच विचारावं, “आपण पहिल्यांदा आलो तेव्हा आपल्याला कुणी काय म्हणायचं?”

आज जगात २०२४ च्या अखेरच्या हिशोबाप्रमाणे सुमारे १२ कोटी माणसांना जबरदस्तीनं घर सोडावं लागलेलं आहे. आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्याही साधारण तेवढीच आहे. म्हणजे सगळा महाराष्ट्र पिशवी घेऊन रस्त्यावर उभा आहे, असं डोळ्यांपुढं आणा. दरवर्षी २० जून हा जागतिक निर्वासित दिन असतो. तेव्हा आपली शाळा नुकतीच सुरू झालेली असते आणि वर्गात नवी मुलं आलेली असतात. म्हणून ही तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे.

शब्दार्थ

फाळणी – वाटणी, तुकडे होणे. छावणी – पुष्कळ माणसांची तात्पुरती राहण्याची जागा. बराक – सैनिकांची लांबट खोली. पारतंत्र्य – दुसऱ्याचे राज्य. पोरका – आईवडील नसलेला. बस्ता – लग्नाच्या कपड्यांची खरेदी.

स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. छावणी गेली तरी कुठलं नाव राहिलं?
२. वळिवड्याच्या घरांत आधी कोण राहिलं आणि नंतर कोण राहिलं?
३. निर्वासित आणि स्थलांतरित यांत फरक काय?

(आ) करून पहा.
दहा मिनिटांत एका पिशवीत काय न्याल, त्याची यादी करा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तोच प्रश्न विचारा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा.

(इ) पालकांसाठी प्रश्न.
आपल्या घरातलं कोण पहिल्यांदा भोसरीला आलं? कुठून आलं? पहिल्या रात्री त्याला जेवायला कुणी घातलं? मूळ भोसरीचेच असाल, तर आपल्या घरी पहिल्या रात्री कोण जेवलं ते लिहा. कागद फलकाखालच्या खोक्यात टाका. पुढच्या महिन्याच्या फलकावर आम्ही उत्तरं लावणार आहोत. नाव नाही लिहिलं तरी चालेल.

– इयत्ता चौथी