अभंग सुचावा कसा?

गेल्या कार्तिकीस वाळवंटात कीर्तन आटोपून आम्ही फेटा सोडतो न सोडतो तोच एक तरुण वही घेऊन पुढे आला. पाया पडून म्हणाला, "महाराज, अभंग रचायचा ध्यास आहे, पण वर्षभरात काही सुचत नाही. सोडून द्यावं म्हणतो."

आम्ही वही चाळली. वळण बरे होते. पण पानोपानी रत्नजडित सिंहासन, माणिकमोती आणि क्षीरसागर! विचारले, "बाबा, पोटापाण्याचं काय करतोस?"

"कालव्यावर पाटकरी आहे."

पाटकऱ्याच्या वहीत पाटाचे पाणी एका ओळीतही नव्हते.

त्याला हसावे कोणत्या तोंडाने? आम्हीही तेच केले होते. पंचविशीत काव्यप्रकाश नुकताच पाठ झालेला. त्या तोऱ्यात लांबलचक समासांचा एक अभंग रचला आणि आषाढीच्या वाटेवर दिंडीत लावला. दुसऱ्याच चरणाला टाळकरी अडखळले, पखवाज थांबला. डोईवर तुळस घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "बुवा, देवाला कळंल हे, आमाला न्हाई कळलं." त्या दिवशी आम्ही पुढचा मुक्काम येईपर्यंत तोंड उघडले नाही.

वास्तविक मम्मटाचार्यांनी काव्याची कारणे तीन सांगितली: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. नवे लोक शक्तीचीच वाट पाहत बसतात. निपुणता कशाने येते, तर लोकव्यवहार, शास्त्र आणि काव्य न्याहाळून. त्यात पहिला शब्द 'लोक' आहे. तो आम्ही पाठ केला आणि तिथेच टाकला. सावतोबांना अरणच्या मळ्यात, गोरोबांना तेरच्या चिखलात, जनाबाईंना जात्यापाशी जे दिसले ते त्यांच्या अभंगांत आले. सेना महाराजांनी आपली धोकटीच देवापुढे उघडली. ज्याच्या हाताला जे काम, तेच त्याच्या अभंगाचे बी. म्हणून आम्ही त्या पोराला सांगितले, रात्रीची पाणीपाळी असते तेव्हा काय काय होते ते आधी साध्या बोलीत लिही. कुणाचे बारे चुकले, कोण भांडला, अंधारात पाण्याचा आवाज कसा येतो. देवाचे नाव तूर्त घालू नकोस. ते आपोआप येईल.

आता बांधणीचे. मोठ्या अभंगाच्या चौकात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, एकूण २२. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, यमक शेवटी. जोडाक्षर एकच धरावे. लघुगुरूचे बंधन नाही, आणि तिथेच नवखा फसतो. बोटावर अक्षरे जुळतात, पण गळ्यात बसत नाहीत. तेव्हा कागदावर मोजू नये, टाळ घेऊन चालत म्हणावे. पाय अडला की शब्द बदलावा. आम्हांला तर बसून एक चरणही सुचत नाही. म्हातारपणी गुडघे दुखतात तरी अंगणात फेऱ्या घालाव्या लागतात.

राजशेखराने काव्यमीमांसेत कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला आहे. सकाळी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची परीक्षा. कारण रसाच्या भरात विवेकाची दृष्टी राहत नाही, असे तो म्हणतो. पाटकऱ्याला एवढे प्रहर कुठले? पण रात्री लिहिलेले सकाळी पुन्हा पाहणे कुणालाही जमेल. आणि सुचत नाही त्या दिवशी पाठांतर करावे. गाथ्यातला एक अभंग रोज तोंडपाठ झाला तर तो वेळ फुकट गेला असे कोण म्हणेल?

एकच गोष्ट मात्र खपवून घेणार नाही. काही जण आपली रचना चालावी म्हणून शेवटी तुकोबांची वा नामदेवांची मुद्रा घालतात. क्षेपकांनी गाथ्यांचे आधीच पुष्कळ हाल केले आहेत. चांगले असो, वाईट असो, आपले नाव घालावे.

माघीला तो पोरगा पुन्हा भेटला. वर्षभराच्या वहीतून एकच अभंग आणला होता: मध्यरात्री चारीच्या तोंडाशी बसलेला माणूस, आणि शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचेल की नाही ही त्याची चिंता. आम्ही म्हणायला लागलो तर दिंडीतल्या चौघांनी ध्रुपद लगेच उचलले. तिसऱ्या चौकात एक अक्षर अजून अडते. ते काय असावे हे आम्हांस ठाऊक आहे, पण त्याला सांगितलेले नाही. येत्या आषाढीपर्यंत त्यानेच शोधावे.