वुहान : तीन गावांचे एक शहर



चीनच्या हुबेई प्रांताची राजधानी वुहान. यांगत्से नदीला हान नदी मिळते, त्या संगमावर वुचांग, हानको आणि हानयांग ही तीन जुनी गावे वसली. त्यांच्या नावांतूनच ‘वुहान’ जुळले. वुचांग यांगत्सेच्या पूर्वेस, उरलेली दोन पश्चिमेस. १९५७ साली यांगत्सेवर पूल झाला, तोपर्यंत आगगाडीचे डबेसुद्धा बोटीतून पलीकडे न्यावे लागत!

हुबेई म्हणजे ‘सरोवराच्या उत्तरेस’. सरोवर डोंगटिंग, त्याच्या दक्षिणेस हुनान प्रांत.

गल्लत होते ती पुढेच. आपल्याकडे जिल्ह्यात शहर असते, चीनमध्ये शहरात जिल्हे असतात. वुहानमध्ये असे १३ जिल्हे आहेत. क्षेत्रफळ सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे शेते, तलाव, खेडी सारे त्यात आले. म्हणून २०२० च्या जनगणनेतील १ कोटी २३ लाख हा आकडा निव्वळ शहरवस्तीचा समजू नये. पालकांनीही मुलांकडून तुलना करून घेताना हे पाहावे.

हुबेईत अशी १२ मोठी शहरे आणि एनशी हा स्वायत्त विभाग आहे. तीन लहान शहरे मात्र थेट प्रांताच्या अखत्यारीत येतात, आणि त्यांच्याबरोबर शेनोंगजिया, जो चक्क ‘वनविभाग’ आहे.