लाल यादी आणि एक ओळ

चिऊ, तू पाठवलेली सुरक्षा स्कॅनरची यादी बघितली. पानभर लाल, मध्ये दोन-चार पिवळ्या ओळी, आणि खाली तुझा प्रश्न: ‘ताई, माझी नोकरी जाईल का गं?’ नोकरी काहून जाईल? ती यादी कुणाच्या तरी पुढ्यात टाकायचीच होती. ऑफिसात बसलेल्यांनी माना मॉनिटरमागे घातल्या आणि मस्तगडात घरून काम करणारी सगळ्यात नवी मुलगी सापडली. असं होतंच. पण बियाण्यांच्या त्या ऑर्डर पोर्टलच्या पोटात नेमकं काय आहे हे कळायला याहून चांगलं काम तुला कुणी दिलं नसतं, हे माझ्याकडून लिहून घे.

आधी ओळी मोजणं थांबव. स्कॅनर प्रत्येक त्रुटीची वेगळी ओळ छापतो, मूळ एकच असलं तरी. लायब्ररीच्या नावाचा रकाना धरून यादी लाव आणि मग बघ: अर्ध्याहून जास्त ओळी टॉमकॅट-एम्बेड-कोअरच्या आहेत. तू म्हणतेस, मी तर टॉमकॅट घातलाच नाही. खरंय, तू नाही घातलास. तू स्प्रिंग बूट घेतलंस, त्यानं स्वतःचा वेब सर्व्हर सोबत आणला. मेव्हनची डिपेंडन्सी ट्री काढ, कुणी कुणाला आणलं ते नावानिशी दिसेल. तुमचं बूट २.७.१८, त्याच्यासोबत येणारा टॉमकॅट ९.०.८३. हे बूट नोव्हेंबर २०२३ चं, त्या मालिकेतलं फुकट मिळणारं शेवटचं. टॉमकॅटवाले मात्र ९.० ची डागडुजी करतच राहिले. आणणारा जागेवर थांबला, आणलेला पुढे गेला. तुझी लाल यादी बरीचशी या अंतराची आहे.

आता दुरुस्ती. पॉम फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये टॉमकॅट डॉट व्हर्जन नावाची एक ओळ घालायची आणि समोर ९.० मालिकेतला आजचा सगळ्यात नवा आकडा लिहायचा. बस. टॉमकॅट-एम्बेड-कोअर वेगळी डिपेंडन्सी म्हणून खाली चिकटवू नकोस, इंटरनेटवर अर्धे लोक तेच सांगतात. तसं केलंस तर कोअर पुढे जातो आणि त्याचे जोडीदार, ईएल आणि वेबसॉकेट, जुन्याच आकड्यावर राहतात. मग भलत्याच ठिकाणी ‘नो सच मेथड’ म्हणून सर्व्हर आडवा पडतो आणि तू रात्रभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतेस. एक मात्र तपास. बूट तुमच्या पॉममध्ये पॅरेंट म्हणून असेल तरच ही ओळ चालते. ते बॉम म्हणून इम्पोर्ट केलेलं असेल तर प्रॉपर्टीकडे कुणी बघतच नाही, तेव्हा डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये बॉमच्या वर तिन्ही नावं आकड्यासकट लिहावी लागतात. बदल केल्यावर ट्री पुन्हा काढ. आकडा बदललेला डोळ्यांनी दिसला तरच झालं म्हण.

तुझे लीड म्हणतील, ‘हात घातलाच आहेस तर बूट ३ वरच ने ना.’ इथे गोड बोलून नाही म्हणायचं. गळणारा पत्रा बदलायला चढलेल्या माणसानं वाडा पाडायला घेऊ नये. बूट ३ ला जावा १७ लागतं, टॉमकॅट १०.१ येतो, आणि जावाएक्स डॉट सर्व्हलेटनं सुरू होणारी प्रत्येक इम्पोर्ट जकार्ता डॉट सर्व्हलेट करावी लागते. यामागे तंत्राचं काही कारण नाही, भांडण आहे. ओरॅकलनं जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण जावाएक्स हे नाव पुढे कसं वापरायचं यावर दोघांचं जमलं नाही, म्हणून २०२० च्या शेवटी आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी नावं बदलली. त्या दोघांच्या न जमण्याचा भुर्दंड आजही तुझ्यामाझ्यासारख्या भरतायत. तुमचा तो पीडीएफ बनवणारा जुना जार जावाएक्सच मागत असेल तर तो बदलेपर्यंत महिना जाईल. तोवर लाल यादी तशीच. म्हणून म्हणते, छोटी उडी याच आठवड्यात मार, मोठीची तारीख ठरवून घे, आणि दोन्ही एका ब्रँचवर कधीच ठेवू नकोस. काही बिघडलं तर कशानं बिघडलं हे कळायला हवं की नको?

मोठ्या उडीची तारीख मात्र मागूनच घे, लेखी. टॉमकॅट ९ ची ओळ वाढवून तुझं स्प्रिंग नवं होत नाही. यादीत खाली स्प्रिंगच्या नावाच्या ज्या ओळी आहेत त्या या ओळीनं जाणार नाहीत, हे आधीच सांगून ठेव. नाहीतर स्कॅन पुन्हा चालला की ‘अजून लाल कसं?’ हे तुलाच ऐकावं लागेल.

तू विचारलंस, यातलं खरंच धोक्याचं किती? या प्रश्नावर मला तुझं कौतुक वाटलं, कारण बहुतेक जण स्कोअर बघून घाबरतात किंवा स्कोअर बघून झोपतात. मार्च २०२५ मधली टॉमकॅटची ती त्रुटी, सीव्हीई-२०२५-२४८१३, घे. तुकड्यातुकड्यांनी पुट रिक्वेस्ट पाठवून हल्लेखोर सर्व्हरवर फाइल ठेवतो, टॉमकॅट ती सेशनची फाइल समजून उघडतो आणि आतला कोड चालतो. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्यासाठी डिफॉल्ट सर्व्हलेटला लिहायची परवानगी दिलेली हवी, सेशन डिस्कवर नेहमीच्या जागी साठवलेलं हवं, आणि त्या फाइलमधून कोड चालवू देणारी एखादी लायब्ररीही सोबत हवी. लिहायची परवानगी मुळात बंदच असते. तुमच्या कोडमध्ये ‘रीडओन्ली फॉल्स’ कुठे आहे का शोध. नसेल तर आज रात्री निवांत झोप. उद्या सकाळी उठून ९.०.९९ च्या पुढे जा, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी फाइल अपलोडच्या सोयीसाठी ती सेटिंग उघडेल आणि तेव्हा ही यादी कुणाच्या लक्षातही नसेल.

लांबणीवर टाकलं तर काय होतं, याचं एकच उदाहरण देते. अमेरिकेतली इक्विफॅक्स, लोकांच्या कर्जाचा हिशेब ठेवणारी कंपनी. अपाची स्ट्रट्समधल्या त्रुटीची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला बाहेर आली. कंपनीत त्याचा ईमेलही फिरला. पण तक्रारी घेणाऱ्या एका पोर्टलवर जुनं स्ट्रट्स राहून गेलं, मे महिन्यात चोर त्यातून आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. ईमेल पुष्कळांना गेला होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. त्यामुळे तुझ्या यादीतल्या प्रत्येक लायब्ररीपुढे एका माणसाचं नाव लिही. टीमचं नाही, माणसाचं.

आणि छोट्या उडीनं काहीच मोडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२० च्या घोस्टकॅट नावाच्या त्रुटीच्या वेळी टॉमकॅट ९.०.३१ मध्ये एजेपी कनेक्टरचे नियम कडक झाले: तो बाहेरच्यांना आपोआप उघडा राहीना आणि गुप्त शब्द मागू लागला. ज्यांच्या साइट अपाचीमागे एजेपीवर चालत होत्या, त्यातल्या कितीतरी अपग्रेडनंतर बंद पडल्या. तुझ्यासाठी याहून जवळची गोष्ट ९.०.१०६ ची आहे. त्यात मल्टिपार्ट फॉर्ममधल्या भागांवर दहाची मर्यादा आली, पुढे ती पन्नासवर नेली. आता तुमचा विक्रेत्यांचा ऑर्डर फॉर्म आठव. कापूस, मका, सोयाबीन, प्रत्येक वाणाची एक ओळ, ओळीत पाकिटांची संख्या, आणि सोबत चेकचा फोटो. फोटो आहे म्हणजे फॉर्म मल्टिपार्ट, आणि प्रत्येक रकाना हा एक भाग. साठ वाणांची ऑर्डर भरणारा परतूरचा दुकानदार थेट भिंतीवर आदळेल. तुझ्या टेस्टमध्ये तीन वाण असतील तर तुला ते दिसणारच नाही. म्हणून सगळ्यात मोठी खरी ऑर्डर घेऊन टेस्ट कर, आणि गरज असेल तर कस्टमायझरमध्ये कनेक्टरची ती मर्यादा मोजून वाढव. मोजून म्हणाले हं. हजारावर नेऊन ठेवलीस तर ती मर्यादा ज्याच्यासाठी आली तेच पाण्यात.

वेळेचं बघ. जून उजाडला की पोर्टलवर झुंबड असते, तेव्हा मोठी उडी नकोच. छोटी मात्र जूनमध्येही थांबवू नकोस, फक्त रात्री कर आणि जुना जार हाताशी ठेव. जार तुझ्या लॅपटॉपवरून चढवू नकोस. आपल्या गल्लीतली लाइट कधी जाईल याचा नेम नाही, अर्ध्यात तुटलेली डिप्लॉयमेंट निस्तरणं म्हणजे उगं डोक्याला ताप. बिल्ड सर्व्हरलाच करू दे.

आणि एकदा करून विसरू नकोस. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतल्या त्रुटीचं प्रकरण झालं तेव्हा २.१५.० वर नेऊन लोकांनी हुश्श केलं. काही दिवसांत २.१६.०, मग २.१७.०, आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. प्रत्येक वेळी आधीच्या दुरुस्तीत किंवा तिच्या शेजारी काहीतरी उरलेलं निघालं. महिन्यातला एक दिवस ट्री काढायचा म्हणून कॅलेंडरवर टाक.

लॉगचंही बघून घे. सरकारच्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात आणि घुसखोरी लक्षात आली की ६ तासांत कळवावं लागतं. तुमच्याकडे लॉग दर आठवड्याला पुसले जातात, असं तू मागे बोलता बोलता सांगितलं होतंस. ते तू नीट करायचं नाहीस, फक्त लिहून कळवायचंस. नव्या मुलीनं सगळंच अंगावर घेतलं की सगळे निवांत होतात.

लीडना ईमेल लांबलचक नको. काय बदललं, कोणत्या ओळी त्यानं गेल्या, कोणत्या राहिल्या आणि का, आणि मोठ्या उडीसाठी कोणते दोन आठवडे हवेत. ‘सॉरी’ हा शब्द त्यात कुठेही नको, मी वाचून बघणार आहे. ड्राफ्ट आणि ट्री दोन्ही रविवारी पाठव, दुपारी जेवणानंतर फोनवर बसू. तुझी यादी अर्धी जावास्क्रिप्टची असती तर मात्र मी फोन उचलला नसता.