शॉर्टकट चालत नाही? जोर नको, तपास करा



पोळ्यानंतर आठवीच्या एका विद्यार्थ्याने संगणक कक्षात गोटमारीवर निबंध टाइप केला. जाम नदी, नदीच्या पात्रातले पळसाचे झाड, एकीकडे पांढुर्णा, दुसरीकडे सावरगाव, सगळे मनापासून लिहिले. पहिला परिच्छेद त्याने फाईल मेनूतून सेव्ह केला. पुढे प्रत्येक परिच्छेदानंतर डावे कंट्रोल आणि एस ही बटणे दाबत गेला. तेवढ्यात लाईट गेली. संगणक पुन्हा सुरू केला तर फाईलमध्ये पहिलाच परिच्छेद! "सर, मी तं जोरानं दाबलं होतं जी," असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

मी विचारले, "बाळा, एस दाबल्यावर पडद्यावर काय दिसत होते?" तो म्हणाला, "एकटीच मात्रा यायची, मी ती खोडत होतो."

उत्तर इथेच होते. इनस्क्रिप्ट की-बोर्डमध्ये एसच्या बटणावर 'े' ही मात्रा असते. कंट्रोलचे बटण बिघडलेले होते, म्हणून संगणकाला फक्त एस कळत होते. संगणक चूक दाखवत होता आणि आपण ती खोडत होतो.

शॉर्टकट चालला नाही तर या क्रमाने पाहा :

१. आधी काम वाचवा. फाईल मेनूतून सेव्ह करा. सेव्ह झाले, तर दोष फाईलमध्ये नाही, शॉर्टकटमध्ये आहे.

२. उजवे कंट्रोल वापरून पाहा. त्याने काम झाले, तर डावे बटण खराब आहे.

३. तोच शॉर्टकट दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाबा. तिथे चालला, तर पहिल्या प्रोग्रॅमची सेटिंग तपासा.

४. भाषा इंग्रजी करून पाहा. विंडोज १० मध्ये विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबली की भाषा बदलते. काही प्रोग्रॅमना देवनागरी सुरू असताना शॉर्टकट ओळखता येत नाही.

५. काही दिसले नाही म्हणजे काही झाले नाही, असे समजू नका. नव्या नोटपॅडमध्ये सेव्ह न केलेल्या फाईलच्या नावाजवळ खूण दिसते. ती गेली, तर सेव्ह झाले.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कारण कोणते होते ते कळणार नाही. विज्ञानाच्या प्रयोगातही आपण हेच करतो.

त्या विद्यार्थ्याने निबंध दुसऱ्यांदा लिहिला. या वेळी दर परिच्छेदानंतर सेव्ह झाले की नाही, ते डोळ्यांनी पाहिले.

गृहपाठ : इनस्क्रिप्टमध्ये 'पोळा' हा शब्द टाइप करा. शिफ्ट आणि एन दाबले की 'ळ' येतो. हिंदी टायपिंगच्या सवयीने 'पोला' लिहू नका. मग फाईल सेव्ह करा, बंद करा आणि पुन्हा उघडून पाहा.

— तुमचे प्राचार्य